आतली कडी

(द्वितीय वर्ष कला)

मराठी माणसाला झोप प्रिय आहे, पण झोपण्याची खोली त्याला फार उशिरा सुचली. आमच्या मावळातल्या जुन्या घरांत ओटी असते, पडवी असते, माजघर, स्वयंपाकघर, गोठा, माळा, सगळे असते. निजण्यासाठी म्हणून वेगळी जागा मात्र नसते. रात्री भिंतीशी उभी असलेली वळकटी सोडायची, अंथरूण घालायचे आणि पहाटे ते गुंडाळून पुन्हा भिंतीशी उभे करायचे. झोप ही आपल्याकडे गुंडाळून ठेवण्याची वस्तू आहे. ‘शेजघर’ असा एक सुरेख शब्द आपल्या भाषेत आहे खरा. पण तो भेटतो कुठे, तर पंढरपूरच्या देवळात, विठोबाच्या गाभाऱ्याशेजारी. देवाला शेजघर आहे, शेजारती आहे. माणसांपैकी पुरुषाला ओटी आणि बाईला माजघर. बाईला स्वतःची खोली मिळते ती बाळंतपणात. तीही अंधारी, शेगडीच्या धुराने भरलेली आणि सव्वा महिन्याच्या कराराने.

एरवी हा विचार माझ्या डोक्यात आला नसता. पण गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरी एका बाईसाठी झोपण्याची खोली करायचे ठरले. बाई म्हणजे माझी आत्या. वय वर्षे छप्पन्न. तिला बाळंतिणीची खोलीसुद्धा कधी मिळालेली नाही.

आमचे घर भाज्याच्या लेण्यांच्या पायथ्याशी आहे, मळवली स्टेशनपासून पायी वीस-पंचवीस मिनिटांवर. आत्या चोवीस वर्षांची असताना तिचे यजमान गेले आणि ती माहेरी परत आली. वर्षभर माजघरात राहिली आणि मग लोणावळ्याला, तुंगार्लीतल्या एका बंगल्यावर कामाला लागली. तिथे तिने एकतीस वर्षे काढली. मालक मुंबईचे, शनिवारी येत, सोमवारी पहाटे जात. त्यांचा रविवार संपला की आत्याचा सुरू होई. सोमवारी दुपारच्या लोकलने ती आमच्याकडे येई, हातात चिक्कीचा पुडा, आणि रात्री परत जाई, कारण बंगला रिकामा ठेवून चालत नसे. ही लोकल १९७८ साली सुरू झाली नसती तर आम्हा भावंडांना आत्या आहे हे कळले असते की नाही कोण जाणे.

बंगल्यात झोपण्याच्या खोल्या पाच. त्या पाचही खोल्यांतले पलंग एकतीस वर्षे आत्याने घातले, झटकले, ताणले. तिची स्वतःची खोली गॅरेजच्या मागे होती. तिच्यात पाण्याचा पंपही राहत असे. रात्री पंप सुरू झाला की खाट हलायची. गेल्या वर्षी बंगला विकला गेला, नव्या मालकांना त्या जागी दुसरे काही बांधायचे होते, आणि दिवाळीनंतरच्या एका सोमवारी आत्या आली ती एक पत्र्याची ट्रंक घेऊनच. त्या रात्री ती परत गेली नाही. आईने माजघरात तिचे अंथरूण घातले, माझ्या शेजारी.

आमच्या घरात एक भाताची खोली आहे. दहा फूट लांब, आठ फूट रुंद. पूर्वी तिच्यात कणग्या असत. आता इंद्रायणीची पोती, फवारणीचा पंप, लग्नकार्याची मोठी पातेली आणि उंदीर. तीच खोली आत्याला द्यायची असे आप्पा म्हणाले. आप्पा म्हणजे माझे वडील. ते कमी बोलतात आणि बोललेले मागे घेणे त्यांना जड जाते.

आई गप्प राहिली. तिचे गप्प राहणे हिशेबाचे होते. आमच्या गावात पावसाळा हा भाताच्या लावणीचा हंगाम आहे तसा आता पाहुण्यांचाही आहे. जुलै-ऑगस्टमध्ये भाज्याचा धबधबा, लोहगड, विसापूर यांना शनिवार-रविवारी अशी गर्दी लोटते की गावात बैलगाडी वळवता येत नाही. ज्याच्याकडे एक जादा खोली आहे तो ती रात्रीपुरती भाड्याने देतो. आईने आठ शनिवार आणि आठ रविवार, रात्रीचे दीड हजार, असे बोटांवर मोजून ठेवले होते. चोवीस हजार. दादाच्या टेम्पोचे कितीतरी हप्ते त्यात बसत होते. आईला दुष्ट म्हणण्याची सोय नाही. तिला बोटांवर मोजायला आम्हीच शिकवले आहे.

आता स्वतःविषयी खरे सांगते. खोली सजवण्याचा उत्साह सर्वांत जास्त मला होता आणि त्यात आत्या फार थोडी होती. मला वाटत होते की खोली आत्याची, पण अभ्यास माझा होईल. इंग्रजीच्या बाईंनी वर्गात सांगितले होते की, व्हर्जिनिया वुल्फ या लेखिकेने १९२८ साली केंब्रिजच्या मुलींपुढे दोन व्याख्याने दिली, त्यांचे पुस्तक १९२९ साली निघाले, आणि लिहू पाहणाऱ्या बाईला वर्षाला पाचशे पौंड आणि स्वतःची खोली हवी असे तिचे त्यात म्हणणे आहे. पाचशे पौंडांची सोय माझ्या हातात नव्हती. खोली मात्र दहा बाय आठची समोर दिसत होती. मी मासिकांतून आणि मैत्रिणीच्या मोबाइलमधून चित्रे जमवली. फिकट जांभळ्या भिंती, पांढरे जाळीदार पडदे, पलंगावर सात उशा, पायाशी लोकरीचा गालिचा. ही चित्रे मी आत्याला दाखवली. तिने चष्मा लावून ती एक एक पाहिली, अगदी एखादा जुना कारागीर नवशिक्याचे काम पाहतो तशी.

“सात उशा रोज रात्री काढून खाली ठेवायच्या आणि सकाळी परत वर मांडायच्या. कोण मांडणार?”

“तूच की.”

“मंग ती माझी खोली कशी?” आत्या म्हणाली.

गालिचा तिने बोटाने झाकूनच टाकला. लोणावळ्याला वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. पुण्याला पडतो सातशेच्या आसपास. ज्या चित्रांवर मी भाळले होते ती सगळी कोरड्या गावांतली होती. आमच्याकडे आषाढात चपलेला बुरशी येते, मिठाचे पाणी होते, वहीची पाने एकमेकांना चिकटतात. लोकरीचा गालिचा पंधरा दिवसांत ओल्या मेंढरासारखा वास मारू लागतो. हे आत्याचेच शब्द. बंगल्यात तिने तो वास एकतीस पावसाळे उन्हाची वाट पाहत सांभाळला होता.

मग हळूहळू माझ्या ध्यानात आले की झोपण्याच्या खोलीविषयी आमच्या घरात, बहुधा आमच्या गावात, आत्याएवढे कुणालाच कळत नाही. तिला पाच खोल्यांचा अनुभव होता आणि त्या खोल्यांत कोण कसे झोपते हे तिला सकाळच्या चादरीवरून कळत असे. कुणाची चादर न मोडलेली, कुणाची पायाशी गोळा झालेली. उत्तरेकडच्या लहान खोलीत झोपलेला पाहुणा उशिरा उठे आणि थोरल्या सुंदर खोलीतला पहाटेच व्हरांड्यात सिगारेट ओढत बसलेला असे. का? तर थोरल्या खोलीत पलंगासमोर भला मोठा आरसा होता. “उठल्या उठल्या बघावं असं तोंड कुणाचंच नसतं,” आत्या म्हणाली. शिवाय त्या खोलीत डोक्याशी खिडकी, पायाशी दार, वर झुंबर, आणि भिंतीवर चार तसबिरी. माणूस पडला की त्याची नजर भिंतीभिंतींवर फिरत राहायची. लहान खोलीत एक पलंग, एक दिवा आणि खिडकीबाहेर एक जांभळीचे झाड. नजर झाडावर जायची आणि तिथेच बसायची.

मी जांभळा रंग सोडून दिला. थोडे वाईट वाटले, ते लपवत नाही.

आधी खोली रिकामी केली. पोती माळ्यावर गेली, पातेली गोठ्यात, उंदीर शेजाऱ्यांकडे. मग खिडकीचा प्रश्न आला. धान्याच्या खोलीला खिडकी कशाला असते? भिंतीत वर एक झरोका आणि छपरात एक काचेचे कौल, एवढाच उजेड. आत्याने उत्तरेच्या भिंतीत खिडकी पाडायला सांगितली. पाऊस नैऋत्येकडून येतो, तेव्हा उत्तरेची खिडकी भर झडीतही उघडी ठेवता येते. भिंत दीड फूट जाडीची, दगडमातीची. खिडकी पाडल्यावर तिच्या तळाशी आपोआप बसण्यापुरती जागा झाली. तिथे बसले की शेत दिसते, शेताच्या टोकाला एक उंबर दिसतो. काचेचे कौल तसेच ठेवले. सकाळी नऊच्या सुमारास त्यातून उन्हाचा एक चौकोन खाली पडतो आणि दुपारपर्यंत जमिनीवरून सरकत कोपऱ्यात जातो. मासिकातल्या एकाही खोलीत असली वस्तू मी पाहिलेली नाही.

रंगाच्या दुकानदाराने तेलकट, चकचकीत रंग सुचवला. पुसून निघतो म्हणाला. ‘पुसून’ हा शब्द ऐकताच आत्याने नकार दिला. तिचे कारण वेगळे होते, पण शास्त्रही तिच्याच बाजूचे निघाले. दगडमातीची भिंत पावसात ओल पिते आणि उन्हात सोडते. तिच्यावर तेलकट रंग दिला की ओलीला बाहेर पडायला वाट राहत नाही. मग फुगे येतात आणि पापुद्रे सुटतात. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो, शिवाय बुरशीला तो मानवत नाही. तेव्हा पिंपात कळीचा चुना विरवला, थोडा डिंक घातला, आणि नुसते पांढरे डोळ्यांवर येते म्हणून चिमूटभर पिवडी. तीन हात दिल्यावर भिंतींना ताकासारखा रंग आला. दुपारी तो ताकाचा असतो, दिव्यात सायीचा होतो. थोडा कळीचा चुना आत्याने मडक्यात घालून कपाटात तळाशी ठेवला. तो हवेतली ओल शोषतो आणि साड्या वाचतात. ही बंगल्यातली विद्या.

पलंग म्हणजे जुनीच लोखंडी कॉट. गादी पिंजाऱ्याकडून नवी करून घेतली आणि मेच्या उन्हात सात दिवस अंगणात पालथी-उताणी केली. उशी मात्र एकच, सावरीच्या कापसाची. चैत्र-वैशाखात डोंगरातल्या सावरीची बोंडे फुटतात, तो कापूस आम्ही दोघींनी वेचून आणला. पांघरायला गोधडी. ही गोधडी आत्याने हिवाळाभर बंगल्यातल्या सवयीने न बोलता शिवली होती: आजीच्या लुगड्याचा पदर, आईच्या दोन जुन्या साड्या, माझा शाळेचा फ्रॉक. सबंध खोलीत डोळ्यांत भरेल असा रंग तेवढ्या गोधडीतच आहे. दिव्यासाठी मी बुरडाकडून एक दुरडी आणली, उलटी टांगली आणि तिच्यात पाच वॅटचा पिवळा बल्ब लावला. पडल्या पडल्या हाताला लागेल असे बटण दादाने बसवून दिले. वीज गेली तर कंदील. (आणि ती जातेच. वळवण, शिरवता, लोणावळा अशी तळी भरून त्यांच्या पाण्यावर खोपोलीला १९१५ पासून मुंबईसाठी वीज होत आली, आणि आमच्याकडे चार थेंब पडले की अंधार. हे लिहून काही होणार नाही, पण वार्षिकात जागा आहे.)

खिडकीत आजीची हिरवट काचेची बरणी ठेवली. तळेगावला माणशी एक पैसा वर्गणीच्या फंडातून १९०८ साली काच कारखाना निघाला; ही बरणी तिथली असे आजी सांगे. तीत मी कुड्याच्या पांढऱ्या फुलांची डहाळी घातली. भिंतीवर घड्याळ लावू का, असे विचारले तर आत्या म्हणाली, “टिकटिक नको. एकतीस वर्षं कुणाची तरी यायची वेळ बघत होते.”

एका दुपारी, खोली अर्धवट झालेली असताना, आम्ही दोघी गार फरशीवर पडलो होतो. कौलातला उन्हाचा चौकोन आत्याच्या पायावर आला होता. मी सहज विचारले, “आत्या, त्या बंगल्यातल्या पलंगावर तू कधी झोपलीस का गं?”

बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, “एकदा. पाच मिनिटं.”

पावसाळा होता, मधला वार होता, कुणी येणार नव्हते. थोरल्या खोलीत चादर घालून झाली आणि ती कडेला टेकली, मग आडवी झाली. गादी फार चांगली होती म्हणे. पण कान फाटकाकडे. पन्हळीचे पाणी पडले तरी मोटार आल्यासारखे वाटायचे. पाच मिनिटांनी ती उठली, चादर काढली, धुतली, आणि दुसरी घातली.

“मळली नव्हती ना?”

“नाय. पण धुतली.”

आत्याने तेवढेच सांगितले आणि पाय उन्हातून काढून घेतला.

त्यानंतर दोन दिवसांनी सुतार आला. खिडकीची झडप बसवून झाली आणि तो निघाला तेव्हा आत्या त्याला म्हणाली, “दाराला आतून कडी लावून दे.” आम्ही सगळे दाराकडे पाहू लागलो. भाताच्या खोलीच्या दाराला कडी-कोयंडा होता, चांगला भरभक्कम, पण बाहेरून. धान्य आतून कडी लावत नाही. इतके महिने त्या दारातून मी शंभरदा आत-बाहेर केले असेन. मला ते दिसले नव्हते. पडद्यांचे माप माझे चोख होते.

“वन्सं, घरात काय चोर आहेत?” आई हसून म्हणाली. आप्पांना हसू आले नाही. त्यांना ते लागले. आमच्या घरात दिवसा बाईचे दार आतून लागले तर त्याचा अर्थ आजार, भांडण किंवा त्याहून वाईट असाच होतो. ते म्हणाले, “आमच्यापासून कडी? आणि रात्री तुला काही झालं तर काय करायचं, दार तोडायचं?”

“तोडा,” आत्या म्हणाली.

सुतार बिचारा पटाशी हातात धरून उभा. शेवटी आप्पा गोठ्याकडे निघून गेले. त्याचा अर्थ सुताराने आपल्या सोयीने होकार असा घेतला आणि कडी बसवली. पितळी, चार बोटे लांबीची. तीस मी ‘सजावट’ म्हणावे की नाही याचा मला अजून निर्णय करता आलेला नाही, पण खोलीत चकाकणारी वस्तू तेवढी एकच आहे.

त्या रात्री मला डिसेंबरातली आमच्या वर्गाची सहल आठवली. इतिहासाच्या सरांनी वर्ग भाज्याला आणला होता. सहल माझ्याच गावात, त्यामुळे मला डबा न्यायचेही सुख नव्हते. भाज्याची बावीस लेणी, त्यांची सुरुवात इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली. सगळे चैत्यगृहाची लाकडी कमान पाहत होते तेव्हा मी विहारातल्या एका लहान खोलीत शिरले. भिक्षू एरवी गावोगाव फिरत, पण पावसाळ्याचे महिने त्यांनी एका जागी राहावे असा नियम होता, आणि त्या वर्षावासासाठी अशा खोल्या खोदलेल्या. आत दगडातूनच कोरून काढलेला ओटा, एका माणसाने पाठ टेकावी एवढा. बाकी काही नाही. घरी येऊन मी आत्याला हे कौतुकाने सांगितले. लेणी तिला नवी नव्हती. लहानपणी ती तिथे शेरडे घेऊन जाई. ती भाकरी थापत म्हणाली, “त्या बुवांना बरं होतं. एकेकाला एकेक खोली. आणि पावसाळ्यात पाहुणे नाहीत.” तेव्हा मी हसले होते. आता, कडी बसल्यावर, मला त्या खोल्यांची दारे आठवू लागली. लेण्यांतल्या अशा कोठड्यांच्या चौकटींना लाकडी दार बसवण्यासाठी खाचा कोरलेल्या असतात. ज्याने सगळे सोडले त्यालाही दार हवे होते.

व्हर्जिनिया वुल्फबाईंच्या पुस्तकातही खोलीच्या दाराला कुलूप हवे, अशी पुरवणी आहे. ती मी परीक्षेपुरती वाचली होती. तरी एक गोष्ट उरतेच. त्या बाईंना खोली हवी ती लिहिण्यासाठी. माझ्या आत्याला काही लिहायचे नाही; ती सही करते, ती शेवटचे अक्षर काढताना दमते. तिला खोलीत पडायचे आहे, आणि पडलेले असताना बाहेर कोण आले ते ऐकायचे नाही. एवढ्यासाठी एक खोली द्यावी की नाही, याचे उत्तर कुठल्याच पुस्तकात दिलेले मी पाहिले नाही. आमच्या घरात तर खोलीची किंमत रात्रीला दीड हजार ठरलेली होती.

आणि ती आत्याच्या कानावर गेली. माजघरात आई आणि दादा हप्त्यांचे बोलत होते. भाताच्या खोलीची भिंत जाड असली तरी दार जुनेच होते. दुसऱ्या दिवशी जेवताना आत्या म्हणाली, “दादा, पावसाळ्यात शनिवार-रविवार ती खोली पाहुण्यांना द्या की. मी ओटीवर पडेन. मला काय, सवय आहे.” हे ती अगदी साधेपणाने बोलली. रागाने बोलली असती तर बरे झाले असते. आईच्या हातातली पळी आमटीतच राहिली. आप्पा म्हणाले, “बघू.” आमच्या घरात ‘बघू’ म्हणजे काय ते मला माहीत आहे. मी काहीच बोलले नाही, कारण मी जांभळ्या भिंतींची चित्रे अजून फाडली नव्हती.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला. आत्या खोलीत झोपू लागली. पहिल्या चार रात्री तिला झोप आली नाही. पंपाचा आवाज नव्हता म्हणून, असे ती म्हणे. पाचव्या सकाळी ती सातला उठली. आमच्या घरात सातला उठणे म्हणजे आजारपण. मी धावत खोलीत गेले. चादर एका बाजूने पूर्ण सुटून लोंबत होती. बंगल्यात आत्याच्या हातची चादर चारी कोपऱ्यांनी गादीखाली अशी ताणलेली असे की पाहुण्याला आत शिरायला जोर करावा लागे. मी ती तशी खोचू लागले तर तिने अडवले. “सुटीच राहू दे. पाय बांधल्यासारखे वाटतात.”

त्याच आठवड्यात आईत एक बदल झाला. दुपारची भांडी झाली की ती आत्याच्या दाराशी जाऊन उभी राहायची, काहीतरी निमित्त काढून: सुई आहे का, मुलीचा फोन आला होता का. एके दिवशी उभी न राहता आत बसली. एके दिवशी मी कॉलेजातून लवकर आले तर आई त्या गोधडीवर भिंतीकडे तोंड करून झोपलेली आणि आत्या खिडकीत तांदूळ निवडत बसलेली. आत्याने तोंडावर बोट ठेवले. माझ्या आईला दिवसा झोपलेली मी वीस वर्षांत पाहिली नव्हती. उन्हाचा चौकोन ढगांमुळे आलाच नव्हता. मी माजघरात येऊन मुकाट्याने चहा ठेवला आणि माझा माझ्यापुरताच प्यायले.

जुलैतला पहिला शनिवार. पहाटेपासून अशी झड लागली होती की डोंगर नाहीसा झाला होता. चारच्या सुमाराला ओटीवर पाच मुले येऊन उभी राहिली, पुण्याकडची, डोक्यापासून पायापर्यंत गळत. विसापूरची वाट चुकली होती, शेवटची गाडी पकडण्याचे त्राण नव्हते, आणि गावात एक खोली रिकामी नव्हती. त्यांच्यातल्या मोठ्या मुलाने विचारण्याआधीच सांगितले, दोन हजार देतो. आप्पा उठले. ओटीवरून माजघर, माजघरातून त्या दारापर्यंत गेले. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर होते. दार लागलेले होते. आप्पांनी हात लावला. ते उघडले नाही. त्यांनी कडीच्या जागेकडे पाहिले, जणू ती बाहेरून दिसते. मग दोन बोटांनी टकटक केले.

आतून आत्याचा झोपेतला आवाज आला, “कोण आहे?”

स्वतःच्या घरात हा प्रश्न आप्पांना आजवर कुणी विचारलेला नसावा. ते तसेच उभे राहिले. पाऊस कौलांवर कोसळत होता. मग म्हणाले, “मी आहे. काही नाही. पड तू.”

परत ओटीवर जाऊन त्यांनी त्या मुलांना सांगितले की खोली नाही, ओटीवर घोंगड्या घालून देतो, पैसे नकोत, चहा मिळेल. आणि मग ते आईला हाका मारू लागले, चहा टाक म्हणून. स्वयंपाकघरात हाक मारली, परसात मारली, गोठ्यात डोकावून आले. तिसऱ्यांदा माजघरातून जाताना ते बंद दारापाशी थांबले. दाराच्या बाहेर दोन जोड चपला होत्या.

आप्पा काही बोलले नाहीत. स्वयंपाकघरात आले, मला बाजूला केले आणि स्वतः पातेले चुलीवर ठेवले. साखर कुठल्या डब्यात असते ते त्यांनी मला विचारले नाही, त्यामुळे त्या मुलांनी बिनसाखरेचा चहा घेतला आणि फार छान आहे म्हणाली.